रिकाम्या हातांचा पाद्री

कानावर मराठी पडते आणि तुम्ही दचकता.

कालपासून या शहरात तुम्ही गुजराती ऐकली, फारसी ऐकली, अरबी ऐकली, खलाशांची मोडकी पोर्तुगीज ऐकली. घरच्या भाषेसाठी कान आसुसले होते. ती आली ती घोड्यांच्या टापांबरोबर. गल्लीच्या तोंडाशी कोणी तरी ‘इकडून, इकडून’ अशी हाक दिली आणि शेजारच्या दारामागे एक बाई लेकराच्या तोंडावर हात दाबून खाली बसली. या गल्लीत आज तुमची मायबोली म्हणजे भीतीची भाषा आहे. पुढे जे दिसणार आहे ते समजायचे तर ही गोष्ट आधी पचवावी लागेल.

इंग्रजांच्या पंचांगाप्रमाणे आज ६ जानेवारी १६६४, बुधवार. शिवाजीराजे गणदेवीला पोचल्याची बातमी काल सकाळी आली. गणदेवी इथून दक्षिणेला चौदा कोसांवर. बातमी फुटताच लोक बायकापोरांना घेऊन तापीकडे धावले आणि मिळेल त्या नावेत चढले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी किल्लेदाराचे हात ओले करून किल्ल्यात जागा मिळवली. शहराचा मुत्सद्दी, म्हणजे मोगल कारभारी, इनायतखानही तिथेच जाऊन बसला आहे. सुरत म्हणजे दोन लाख वस्तीचे शहर. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे इथून सुटतात, बादशाही जकातीचा ओघ इथून वाहतो. तरीही शहराभोवती धड तटबंदी नाही.

चौथीच्या पुस्तकातले सुरतेचे पान तुम्हाला पाठ आहे. शाएस्ताखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला, रयतेचा मुलूख उजाड झाला, ते नुकसान मोगलांच्याच पेठेतून भरून काढायचे होते. हे कारण खरे आहे आणि ते विसरून आजचा दिवस पाहू नये. पण त्या पानावर जागा न मिळालेला एक माणूस आज या शहरात आहे. त्याच्यासाठी तुम्हाला साडेतीनशे वर्षे मागे आणले.

तो बघा, दारातून बाहेर पडतो आहे. मातकट, जाड कापडाचा झगा. पाठीवर टोकदार टोपडे. कमरेला गाठी मारलेली दोरी. वाढलेली दाढी. हा फादर अँब्रोज, सुरतेतल्या कापुचिन मठाचा प्रमुख, फ्रान्समधल्या प्रेयी गावचा. कापुचिन हे नाव या टोपड्यावरूनच पडले.

त्याच्या मागे चालायला लागण्याआधी त्याचा पंथ ओळखून घ्या.

संत फ्रान्सिसने आपल्या अनुयायांना दारिद्र्याचे व्रत दिले होते. पैशाला हात लावायचा नाही, मालमत्ता करायची नाही, भिक्षेवर जगायचे. तीनशे वर्षांत मठ मोठे झाले आणि व्रत सैल झाले. मग इटलीतल्या काही साधूंनी हट्ट धरला की मूळ नियम अक्षरशः पाळायचा, त्यात तडजोड नाही. १५२८ मध्ये पोपने त्यांना मान्यता दिली. आजच्या बोलीत आपण त्यांना कडवे परंपरावादी म्हटले असते. त्या काळच्या कॅथलिक जगातही ते सर्वांत कडक व्रताच्या साधूंत मोजले जात.

आणि हेच दरिद्री साधू राजवाड्यांतही पोचले. अँब्रोजचा मठ ज्या तूरेन प्रांतातून उभा राहिला, त्या प्रांताच्या कापुचिनांचा एके काळचा प्रमुख फादर जोसेफ. जन्म १५७७, मृत्यू १६३८. फ्रान्सचा सर्वसत्ताधारी मंत्री कार्डिनल रिशल्यू याचा तो उजवा हात होता. युरोप तीस वर्षांच्या धर्मयुद्धात जळत असताना हा साधू राजांच्या दरबारांत वाटाघाटी करत हिंडत होता. पडद्याआडून राज्य हलवणाऱ्या माणसाला फ्रेंच भाषेत जे नाव पडले, ते त्याच्या करड्या झग्यावरून पडले. पूर्वेकडे कापुचिन धर्मप्रचारक पाठवण्याची सूत्रेही त्याच्याच हाती होती.

म्हणजे सुरतेच्या या साध्या मठाचे मूळ शोधत गेलात तर ते पॅरिसच्या सत्तेपर्यंत जाते. धर्माचा माणूस राजाच्या कानाशी बसला की काय होते, याचे एक उत्तर त्या पॅरिसमध्ये मिळते. दुसरे उत्तर आज संध्याकाळी बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर मिळणार आहे.

चला, त्याच्या मागे निघा.

ऊन उतरले आहे. रस्त्यावर फुटलेल्या पेट्या, विखुरलेले हिशेबाचे कागद, एका पायातला जोडा. डावीउजवीकडे पाहू नका म्हटले तरी नजर जाते. इंग्रजांच्या वखारीसमोरून जाताना दिसते, त्यांनी दारे बंद करून तोफा रोखल्या आहेत. त्यांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन पळून गेला नाही. जहाजांवरचे खलाशी बोलावून त्याने वखार लढायला तयार ठेवली आहे. वलंदेजांनीही, म्हणजे डचांनीही, आपली वखार अशीच राखली आहे. ज्याच्याजवळ बंदूक आहे तो बंदुकीच्या भरवशावर टिकून आहे.

अँब्रोजजवळ बंदूक नाही. द्यायला मोहरा नाहीत, नजराणा नाही, मागे उभा राहणारा राजा नाही. फ्रेंचांची सुरतेत अजून वखारच नाही. त्यांची कंपनी याच वर्षी, पण अजून सात महिन्यांनी, पॅरिसमध्ये जन्माला येणार आहे. मठाच्या भिंतीत अडकून बसावे आणि देवाचा धावा करावा, एवढेच त्याच्या हाती होते. ते सोडून तो चालतो आहे, जिथून सगळे शहर पळाले त्याच दिशेने.

बऱ्हाणपूर दरवाजा ओलांडला की पाव मैलावर एक बाग लागते. राजांचा तंबू तिथे आहे. सकाळी अकराच्या सुमारास ते इथे पोचले. काल रात्रीच त्यांचा निरोप शहरात आला होता. हाजी सय्यद बेग, बहरजी बोहरा आणि हाजी कासीम या तीन बड्या व्यापाऱ्यांना घेऊन मुत्सद्द्याने स्वतः यावे, खंडणी ठरवावी, नाहीतर शहर आगीच्या आणि तलवारीच्या हवाली होईल. उत्तर आले नाही. मराठे शहरात शिरले.

तुम्ही झाडाखाली थांबा. इथून शब्द ऐकू येत नाहीत, येऊ नयेत. पहारेकऱ्यांनी झगेवाल्या साधूला अडवले, आत वर्दी गेली, त्याला पुढे नेले, एवढे दिसते. मशालीच्या उजेडात दोन माणसे समोरासमोर आहेत. एकाचे वय चौतिसाच्या आतबाहेर, हाती चार हजारांहून अधिक फौज, आणि काही घटकांपूर्वीच हिंदुस्थानातले सर्वांत श्रीमंत बंदर त्याच्यापुढे उघडे पडले आहे. दुसऱ्याच्या हातांत काहीच नाही.

त्याचे मागणे काय होते, ते दोन वर्षांनी सुरतेला आलेल्या जाँ द थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले. सुरतेतल्या गरीब ख्रिस्ती माणसांची अँब्रोजला दया आली आणि निदान त्यांच्या जिवाला धक्का लावू नये, अशी विनंती त्याने राजांना केली. विनंती एवढीच होती. मठाचे सोने वाचवा असे तो म्हणाला नाही, कारण सोने नव्हते. आम्हांला परवाना द्या, जमीन द्या, धर्म पसरवू द्या, असेही नाही. राजांनी त्याला अभय दिले आणि त्याचे मागणे मान्य केले. रात्री लुटारू टोळ्या मठाच्या दारात आल्या, तेव्हा तिथे हात लावायचा नाही हा हुकूम त्यांना आधीच मिळाला होता.

औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध असलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये यानेही हीच गोष्ट नोंदवली. हे फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही, असा राजांच्या बोलण्याचा आशय तो देतो. बर्निये मराठ्यांचा मित्र नव्हता. त्याने खुशामतीसाठी लिहावे असे काही कारण नव्हते.

आता बागेतून परत फिरा, कारण अजून चार दिवस आहेत आणि ते पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

गुरुवारी इनायतखानाने किल्ल्यातून एक वकील पाठवला. बोलणी करायला आलेल्या त्या तरुणाने राजांवर खंजीर उपसला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, पण झेपेच्या भरात तो राजांच्या अंगावर कोसळला. रक्ताने माखलेले राजे पाहून फौजेत ओरड झाली की घात झाला, कैदी कापा. राजे उठून उभे राहिले आणि कत्तल थांबवली. तरी त्या दिवशी काही कैद्यांची डोकी गेली, काहींचे हात तोडले गेले. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज तेव्हा छावणीत कैद होता. त्याने पाहिले आणि सुटल्यावर सांगितले. बहरजी बोहऱ्याची हवेली खणून काढली आणि जाळली. हाजी सय्यद बेगाचे घर इंग्रजांच्या वखारीला लागून होते, तिथल्या पेट्या फुटल्या. आग दिवसरात्र धुमसत राहिली. इंग्रजांचा पाद्री एस्कॅलिओ याने त्या महिनाअखेरीस एका इंग्लिश वैद्याला पत्र पाठवून हे सगळे कळवले.

हे वाचताना तुमच्या आत काही तरी दुखावले असेल. दुखावू द्या. ज्या राजावर आपण जीव टाकतो त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे हाही त्याचा सन्मानच आहे. मोठा माणूस अर्धा झाकून ठेवावा लागत नाही.

रविवारी, १० जानेवारीला, मोगली फौज येत असल्याची बातमी आली आणि मराठे निघाले. लूट कोटीच्या घरात गेली, असा हिशेब जदुनाथ सरकारांनी मांडला. धूर विरला तेव्हा तोफांविना, राजांच्या शब्दावर वाचलेली दोन घरे उभी दिसली. एक कापुचिनांचा मठ. दुसरे वलंदेजांच्या एका मयत हिंदू दलालाचे घर. मराठी इतिहासग्रंथांत त्याचे नाव मोहनदास पारेख असे येते. हा माणूस हयात असताना मोठा दानशूर होता, असे राजांना कोणी सांगितले, म्हणून ते घर सोडले.

इथे क्षणभर थांबा. एक घर ख्रिस्ती साधूंचे, एक हिंदू व्यापाऱ्याचे. राजांनी धर्म विचारला नाही. माणूस कसा वागला, हे विचारले.

आता स्थळ आणि साल बदला. तुम्ही जुन्या गोव्यात आहात, साल १६५०. समोर काळसर दगडाची भव्य इमारत आहे. गोंयकार तिला व्हडलें घर म्हणतात आणि तिच्यावरून जाताना आवाज खाली आणतात. हा इन्क्विझिशनचा वाडा. १५६० पासून तो इथे आहे आणि १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, राहणार आहे. पोर्तुगालचा राजा आणि धर्मपीठ यांच्यातल्या कराराची ही फळे आहेत. पूर्वेकडच्या चर्चचा कारभार राजाने पाहायचा, बिशप राजाने सुचवायचे, आणि धर्मात चुकणाऱ्याला पकडायला राजाचे शिपाई.

या वाड्यात आत्ता जो कैदी आहे तो हिंदूही नाही आणि मुसलमानही नाही. तो फादर एफ्रेम, कापुचिन, अँब्रोजच्याच पंथाचा आणि प्रांताचा. तो मद्रासला इंग्रजांच्या वसाहतीत राहून तिथल्या कॅथलिकांची सेवा करत होता. शेजारच्या सांतोमेच्या पोर्तुगीजांना ते खपले नाही. रोमच्या धर्मप्रसार मंडळाने पाठवलेला फ्रेंच साधू आपल्या राजाच्या हद्दीत कशाला, हा त्यांचा राग. १६४९ मध्ये त्याला फसवून पकडले, गोव्याला आणले आणि या भिंतींमागे टाकले. त्याच्या सुटकेसाठी गोवळकोंड्याच्या मुसलमान सुलतानाने सांतोमेवर फौज पाठवण्याची धमकी दिली, असे जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो.

एका कॅथलिक साधूला कॅथलिकांनी कोंडले आणि त्याच्यासाठी एक सुलतान उभा राहिला. धर्माच्या आणि सत्तेच्या दोऱ्या एकदा एकमेकींत गुंतल्या की पहिला बळी परधर्मीयाचाच जातो असे नाही. आपल्याच धर्मातला, पण आपल्या राजाचा नसलेला माणूसही त्यात चिरडला जातो.

आणखी सतरा वर्षे पुढे या. नोव्हेंबर १६६७, पोर्तुगीजांच्या ताब्यातला बारदेश. सुरतेत पाद्र्याला अभय देणारेच राजे इथे चालून आले आहेत. ख्रिस्ती नसलेल्यांनी मुलूख सोडावा, असा पोर्तुगीज विजरईचा हुकूम निघाल्याच्या नोंदी इंग्रजांच्या पत्रांत सापडतात आणि त्या स्वारीत पाद्री मारले गेल्याचेही उल्लेख आहेत. अँब्रोजचा आणि या पाद्र्यांचा धर्म एकच. पण बारदेशातला झगा राजाज्ञेच्या सावलीत उभा होता आणि त्याने सत्तेच्या वैऱ्यांचे वैर ओढवून घेतले. सुरतेतला झगा कोणाच्याच सावलीत नव्हता. मला वाटते, म्हणूनच तो जळला नाही.

आता पुन्हा सुरतेला चला. गोष्ट इथेच थांबवली तर अँब्रोजवर आणि तुमच्यावरही अन्याय होईल.

साल १६६६. फ्रेंच कंपनीचे दूत बंदरात उतरणार आहेत. ल बुलाय ल गूझ आणि बेबेर अशी त्यांची नावे. फ्रेंच म्हणजे चाचे, अशी कागाळी इंग्रज आणि वलंदेजांनी आधीच पोचवून ठेवली आहे. लाल समुद्राकडे फ्रेंच निशाण लावून एक जहाज लुटारूपणा करून गेले होते, त्याचा आधार त्यांना मिळाला. सुरतेचा मोगल अधिकारी कोणाला विचारतो? फादर अँब्रोजला. तो चाचा फ्रेंच नव्हता, वलंदेज होता, असे साधू सांगतो आणि अधिकारी ते मानतो, कारण हा माणूस खोटे बोलत नाही अशी त्याची ख्याती आहे. थेव्हनोने हा प्रसंग तपशिलाने नोंदवला आहे.

अँब्रोज खरेच बोलला. पण तुम्ही नीट पाहा, काय बदलले. दोन वर्षांपूर्वी त्याची पत मशालीच्या उजेडात गरिबांच्या जिवासाठी खर्च झाली होती. आज तीच पत एका व्यापारी कंपनीच्या आणि तिच्यामागे उभ्या चौदाव्या लुईच्या कामी आली. १६६८ मध्ये फ्रान्स्वा कारोन आला आणि सुरतेत फ्रेंच वखार उघडली.

ऑक्टोबर १६७०. मराठे दुसऱ्यांदा सुरतेत आहेत. ३ तारखेपासून तीन दिवस शहर पुन्हा जळते आहे. आता नवा तट आहे, तरी काही उपयोग झाला नाही. इंग्रज स्ट्रेनशॅम मास्टरच्या हाताखाली लढत आहेत. काश्गरचा पदच्युत राजा मक्केहून परतताना ज्या सराईत उतरला होता, ती फ्रेंच वखारीसमोर आहे. फ्रेंचांनी नजराणे दिले, स्वतःपुरता तह केला आणि वाचले. सराई रिकामी करून तिचे लोक रात्रीच्या अंधारात किल्ल्याकडे पळाले आणि मागे राहिलेली संपत्ती गेली.

या तहात अँब्रोजचा हात होता असे मी म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वी याच शहरात फ्रेंच माणसाचा झगा शब्दावर वाचला होता आणि आता फ्रेंचांची वखार पैशावर वाचली, एवढेच दाखवायचे आहे. शब्दाने वाचलेल्याच्या आसऱ्याने इतरही वाचले. पैशाने वाचलेले एकटेच वाचले.

आता स्वतःच्या काळात या.

आजही जगात कडव्या धर्मगटांचे आणि पुढाऱ्यांचे सोयरीकसंबंध चालू आहेत. पॅरिसमध्ये २७ फेब्रुवारी १९७७ ला जुन्या लॅटिन प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्या कॅथलिकांनी एक चर्च ताब्यात घेतले, ते अजून त्यांच्याकडेच आहे. ज्यांच्या मागे हे लोक होते ते आर्चबिशप लफेव्र १९८८ मध्ये रोमच्या आज्ञेविरुद्ध बिशप नेमून बहिष्कृत झाले. फ्रान्समधल्या अतिउजव्या पक्षाच्या पुढाऱ्यांची त्या चर्चमध्ये ऊठबस राहिली आणि लफेव्र यांनीही त्या पक्षाची पाठराखण केली. हे फक्त फ्रेंचांचे किंवा कॅथलिकांचे दुखणे नाही. आपल्या जिल्ह्यात निवडणूक लागली की कोणत्या मठासमोर कोणत्या गाड्या उभ्या राहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

साधूने राजाच्या दारी जाऊच नये, असे सुरत शिकवत नाही. अँब्रोज त्या बागेत गेला नसता तर कितीतरी निरपराध माणसांना वाली उरला नसता. काही वेळा सत्तेच्या तंबूत पाऊल टाकणे हेच धर्माचे काम असते. पण जाणाऱ्याचे मागणे स्वतःसाठी आहे की दुबळ्यांसाठी, त्याच्या हातात भीती आहे की विनंती, आणि परतताना त्याच्या मागून शिपाई चालत येतात की निवांत झालेली माणसे त्याची वाट पाहत असतात, यावर त्या जाण्याची किंमत ठरते. व्हडल्या घराने साधूच्या हाती तुरुंगाची किल्ली दिली आणि धर्म नासला. बागेतल्या त्या संध्याकाळी साधूचे हात रिकामे होते आणि धर्म उजळला.

राज्यकर्त्यालाही ती संध्याकाळ काही सांगते. महाराजांनी झग्याचा मान राखला तो मते मिळावीत म्हणून नव्हे, आणि पंथाच्या मागे किती लोक आहेत ते मोजूनही नव्हे. सुरतेत फादर अँब्रोजच्या मागे कोणीच नव्हते. तरीही त्यांनी त्याचे ऐकले. ज्याला द्यायला काही नाही अशा माणसाचे म्हणणे ऐकणे, ही राजाची खरी परीक्षा असते, आणि त्या रात्री ते त्या परीक्षेला उतरले.

सुरतेला गेलात तर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात जा. ऑक्झिंडेनची घुमटांची टोलेजंग समाधी तिथे आजही उभी आहे. ती डोळे भरून पाहा. मग मनातल्या मनात बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैल चाला, आणि तुमच्या गावी परतल्यावर, तुमच्याच धर्माचा कोणी महाराज, मुल्ला वा पाद्री पुढाऱ्याच्या मंचावर चढताना दिसला, तर त्याला नमस्कार करण्याआधी एवढे विचारा : तुम्ही इथे कोणासाठी आलात?